तुळशीकडे पाठ

शेवंतीच्या घरी गाडी नेहमी एकाच रीतीने उभी राहायची. तोंड तुळशीकडे, पाठ रस्त्याकडे. रस्ता वर, खळं म्हणजे घरापुढचं अंगण खाली, आणि मधे चिऱ्यांनी बांधलेला उभा उतार. त्या उतारावरून गाडी नाक खाली करून यायची आणि उतार संपायच्या आतच, वृंदावनापासून चार हातांवर थांबायची. मग चाकाखाली चिऱ्याचा तुकडा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नमस्काराला वाकली आहे.

हा शेवंतीचा नेम होता. सात वर्षांपूर्वी तिचे यजमान दत्ताराम एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत घंटी मारली, आता आपली आपण चालवणार म्हणाले, आणि एक जुनी गाडी घेऊन आले. पहिल्याच महिन्यात खाडीच्या पुलाअलीकडच्या वळणावर ती घसरली आणि एका माडाला टेकून राहिली. माड नसता तर गाडी खाडीत होती. दत्ताराम खरचटलेलं कोपर धरून चालत घरी आले. त्या दिवशी दिवा लावताना शेवंती तुळशीला म्हणाली, "आजपासून ही गाडी तुझी गो माय. तुझ्याकडे पाठ करून ती ह्या दारात कधी उभी रवाची नाय."

तेव्हापासून रोज आंघोळ झाली की तुळशीला पाणी, पाच प्रदक्षिणा, गाडीच्या नाकावर एक फूल, आणि मगच चहा. एकादशी असो, ताप असो, यात बदल नाही.

"माका चाळीस वर्सांत एक फूल नाय," दत्ताराम म्हणायचे, "गाडयेक रोज."

"तुमका रोज चाय मेळता ना?" शेवंती हळूच म्हणायची. तिचं सगळंच बोलणं हळू. स्वयंपाकघरात ती काय म्हणाली हे ओटीवर बसलेल्याला बहुतेकदा दुसऱ्यांदा विचारावं लागे.

नाताळच्या सुट्टीतल्या शुक्रवारी दत्ताराम जेवता जेवता थांबले. डावा डोळा चोळला, पुन्हा चोळला. "शेवंती, ह्या डोळ्याच्या कडेक काळो पडदो धरल्यासारखो दिसता."

शनिवारी त्यांचा पुतण्या विनीत दोघांना त्यांच्याच गाडीतून कणकवलीला डॉक्टरांकडे घेऊन गेला. विनीत मालवणला बँकेत होता आणि गाडी चांगली चालवायचा. डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यात उजेड पाडून बघितलं आणि मग शेवंतीकडे वळले.

"आतला पडदा सुटत चाललाय. मधला भाग अजून शाबूत आहे, तो सुटायच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे. कोल्हापूरला मी बोललोय. सोमवारी अकरापर्यंत पोचा. मंगळवारवर नेऊ नका. आणि धक्के बसू देऊ नका, मागच्या सीटवर निजवून न्या."

तिथून घरी येताना, त्यांचं आचरा गाव अजून चार-पाच किलोमीटर असताना, बॉनेटखालून वाफ आली. पाण्याचा पाइप फुटला होता. विनीतने त्याला चिंधी गुंडाळली, कोणाच्या तरी विहिरीचं पाणी भरलं, आणि थांबत थांबत त्यांनी घर गाठलं.

रविवारी सकाळी विनीतने नवा पाइप आणून खळ्यातच बसवला. गाडी होती तशीच उभी होती, तोंड तुळशीकडे. तशीच असताना त्याने रेडिएटरात पाणी भरलं, गळत नाही ना बघितलं आणि एक फेरी मारायला गेला. वीस मिनिटांनी परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काकी, तिठ्यार पोचंसर गरमीचो काटो लालार गेलो. थंड करून परत पाणी घातलंय. येताना परत तोच परकार. पाणी तर गळणा नाय."

"मगे दुसरी गाडी?"

दुसऱ्या गाडीसाठी विनीतने सहा जणांना फोन केले. सगळ्यांच्या गाड्या पर्यटकांना घेऊन फिरत होत्या. एकाने मंगळवारी देतो म्हणून सांगितलं. एसटीत मागच्या बाकावर माणसाला निजवून घाट चढायचा तर धक्क्यांचं काय? दत्ताराम ओटीवर उशीला डोकं लावून डोळे मिटून पडले होते. ते म्हणाले, "एसटीचे धक्के माका इचारा. तीस वर्सां खाल्लंय."

शेवंतीने देवघरात जाऊन निरांजन नीट केलं. ते नीटच होतं. मग ती बाहेर येऊन म्हणाली, "मिठबावच्या भाईंका बोलाव."

भाई म्हणजे मिठबावचे जुने मेकॅनिक. अर्धं आयुष्य त्यांनी ट्रॉलरच्या इंजिनांत काढलं होतं आणि समुद्रावर बंद पडलेलं इंजिन जागच्या जागी चालू करून देण्यात त्यांचं नाव होतं. आता वय झाल्यापासून ते जमिनीवरच्या गाड्या बघायचे. दुपारी जेवून ते स्कूटरवरून आले. पायाशी हिरव्या कूलंटचा कॅन होता.

विनीत पुन्हा एक फेरी मारून नुकताच परतला होता. भाई आल्या आल्या तो बॉनेट उघडून झाकणाकडे हात नेऊ लागला, तर भाई ओरडले. "हात काढ! वायच आधी चललीहा ना गाडी? आत दाब आसा. झाकण उघडलंस तर उकळता पाणी तोंडार येतला. मगे कोल्हापुराक एक नाय, दोघां जातली."

"मगे काय करूचा?"

"चाय पिवूची."

तासभर सगळे गाडी थंड व्हायची वाट बघत बसले. शेवंतीने चहा केला, भाईंनी दोन वेळा घेतला. मग त्यांनी रेडिएटरवर पालथा हात ठेवून बघितला, झाकणावर जाड फडकं टाकलं आणि हळूहळू फिरवून ते काढलं. पाणी काठोकाठ होतं.

"बघा, भरलेला आसा," विनीत म्हणाला.

"दिसता भरलेला. झाकण लाव आणि गाडी चालू कर. हिटर लाव."

"हिटर? भाई, कोकणात हिटर कोण लावता?"

"लाव म्हणतंय ना."

विनीतने हिटर पूर्ण गरमवर लावला. काटा चढत गेला, मधोमध आला, पुढे सरकला. भाईंनी गाडीच्या आत हात घालून हिटरच्या जाळीसमोर धरला. "काटो वर, आणि वारो थंडगार. बंद कर. आता कान दी."

इंजिन थांबलं तसा आतून, बसायच्या जागेच्या पुढून, गुडगुड आवाज आला. पोटात वात धरलेल्या माणसासारखा.

"आत हवा अडाकली," भाई म्हणाले.

शेवंती खांबाला धरून उभी होती. ती म्हणाली, "बावीवरचो पंप हवा धरता, तसा?"

"तसाच वयनी! पंप फिरता, पाणी चढणा नाय. हयसर पाणी आसा पण फिरणा नाय. जा फिरणा नाय ता थंड काय करतला?" भाई दोन पावलं मागे सरले. त्यांनी उतार बघितला, उतारावर वाकलेली गाडी बघितली. "पाणी हयसरच भरलंस? अशीच उभी असताना?"

"हो."

"थयच चुकला. हवा नेहमी सगळ्यात उंच जागो धरता. गाडी अशी नाक खाली करून उभी म्हणजे झाकण रवला खाली, आणि हिटराचे पाइप गेले वर. तू झाकणातसून कितीय पाणी वत, ती हवा वर माच्यार बसल्यासारखी बसली ती बसली. आता गाडी फिरवूची. नाक वर, रस्त्याकडे. झाकण सगळ्यात उंच येवक होया. मगे हवा आपसूक भायर."

विनीतने काकीकडे बघितलं, मग चपलेने एक खडा लोटला.

"जॅक लावून नाक उचलला तर?" त्याने विचारलं.

"उतारार जॅक? गाडी अंगार घेवन निजूची आसा तुका?"

"मगे रस्त्यार?"

"रस्त्यार वळण, आणि आज पावण्यांच्ये गाडये धडाधड येतत. आणि रस्तो सपाट. असो चढाव दारात असताना माका दुसरो कित्याक होयो?" भाईंना काय अडलं आहे ते कळेना. "काय झाला काय? फिरवूक जागा नाय?"

"जागा आसा," विनीत म्हणाला आणि वृंदावनाकडे बघत राहिला.

शेवंती वृंदावनापाशी गेली. तिच्या मनात दोनच गोष्टी एकमेकींना ढकलत होत्या. सात वर्षं ज्या नेमाने घरधन्याला सांभाळलं असं ती मानत आली, त्याच नेमामुळे गाडीत हवा अडकली. विनीत काही मूर्ख नव्हता. पाइप बसवताना त्याने गाडी वर रस्त्याकडे नेली असती, फिरवली असती. पण या घरात गाडी फिरवायची नाही हे त्याला लहानपणच्या पाढ्यांसारखं पाठ होतं. आणि आता नेम मोडायचा, तोसुद्धा नेमका त्यांच्या डोळ्यावर वेळ आलेली असताना? उद्या घाटात काही झालं तर ती कोणाला तोंड दाखवणार होती?

ओटीवरून दत्तारामांचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते, पण कान शाबूत होते. "शेवंती, नको तर नको गो. अर्धी दिसलंस तरी वळाखतंय मी तुका."

थट्टेतच म्हणाले ते.

ती तुळशीसमोर तशीच उभी राहिली. सकाळी घातलेल्या पाण्याने माती अजून ओली होती. रोज इथे पाणी घालते, प्रदक्षिणा घालते, हात जोडते, आणि मग? मग वळते आणि चहा ठेवायला आत जाते. इतकी वर्षं रोज ती तुळशीकडे पाठ करूनच आत जात होती. तुळशीने कधी मनावर घेतलं नाही. घरात कोणीतरी चहाची वाट बघतंय हे तिला माहीत असणार.

तिने मातीला बोट लावून ते कपाळाला लावलं. "फिरव रे गाडी," ती म्हणाली.

विनीतला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा, तिच्या मानाने मोठ्याने, सांगितलं. "विनीत, गाडी फिरव. नाक वर कर."

विनीत गाडी वर घेऊन गेला, त्याने ती रस्त्यावर फिरवली आणि मागे बघत बघत उतारावरून खाली आणली. गाडीची पाठ वृंदावनाजवळ येताना शेवंतीने डोळे मिटले. उघडले तेव्हा तुळस होती तिथेच होती, वाऱ्यावर थोडी हलत.

गाडी पुन्हा थंड झाल्यावर भाईंनी खालची कळ सोडून विहिरीचं पाणी काढून टाकलं. "तुमच्या बावीचा पाणी मचूळ. भात शिजवूक ठीक, लोखंडाक नाय." कळ बंद केली, झाकणाच्या जागी नरसाळं लावलं, हिटर पूर्ण गरमवर ठेवायला सांगितला आणि शेवंतीकडून एक जुनी किटली मागून घेतली. तीत हिरवं कूलंट ओतून ती विनीतच्या हातात दिली. "घाल. सावकाश."

विनीतने घातलं. भकभक आवाज झाला, नरसाळ्यातून फेस वर आला.

"अरे, म्हशीक पाणी दाखवतस काय? परत हवा घालतस आत! धार बारीक होयी. आणि तुटाची नाय."

विनीतने पुन्हा प्रयत्न केला. धार बारीक झाली, पण थांबत थांबत पडू लागली. भाई कपाळाला हात लावणार इतक्यात शेवंतीने पदर खोचला आणि किटली त्याच्या हातातून घेतली.

दर सोमवारी ती देवळात पिंडीवर अभिषेक करायची. अकरा आवर्तनं होईपर्यंत तांब्याची धार तुटू द्यायची नाही, हे तिच्या सासूने तिला लग्नाच्या पहिल्या श्रावणात शिकवलं होतं. हात खांद्यातून हलवायचा नाही, मनगटातून तांब्या कलता करायचा, आणि नजर धारेवर ठेवायची. किटलीच्या चोचीतून हिरवी धार निघाली, सुतासारखी, आणि आवाज न करता नरसाळ्यात उतरू लागली. शेवंतीचे ओठ नुसते हलत होते.

भाई बघत राहिले. मग भानावर येऊन त्यांनी वरचा जाड पाइप हाताने दाबायला सुरुवात केली, दाबायचा आणि सोडायचा. प्रत्येक दाबासरशी नरसाळ्यात एक बुडबुडा यायचा आणि फुटायचा. हिटरच्या पाइपावर एक छोटा स्क्रू होता, तो त्यांनी सैल केला. तिथून आधी फुसफुस झाली, मग फेस थुंकल्यासारखा बाहेर आला, आणि मग स्वच्छ हिरवी धार. त्यांनी स्क्रू आवळला. "हयली गेली. पण थोरली अजून आत आसा. चालू कर."

झाकण उघडंच ठेवून गाडी चालू केली. भाईंनी सगळ्यांना दोन हात लांब उभं केलं. पाच मिनिटं गेली, सात गेली. बुडबुडे येत होते, लहान लहान. कूलंट नरसाळ्यात एकाच जागी थरथरत होतं. शेवंतीचा जप चालूच होता. मग अचानक आतून एक मोठा, भरभक्कम ढेकर आला आणि नरसाळ्यातलं सगळं कूलंट गडप झालं.

"गेला!" विनीत ओरडला.

"गेला तर गेला, घाला वयनी, घाला!" भाईंनी हाक दिली. शेवंती पुढे झाली. पुन्हा ती धार. पातळी चढली, उतरली, चढली आणि या वेळी चढलेलीच राहिली. बुडबुडे विरळ होत होत थांबले.

विनीतने आत हात घातला आणि तो मोठ्याने हसला. "काकी! हिटर गरम! हात लावून बघा!"

शेवंतीने जाळीपुढे हात धरला. ऊन ऊन वारा होता, निरांजनावरून तळवा फिरवावा तसा. नकळत तिने तो तळवा आपल्या डोळ्यांना लावला, मग उठून ओटीवर गेली आणि दत्तारामांच्या मिटलेल्या डाव्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर धरला.

"काय गो?"

"काय नाय. पडून रवा."

थोड्या वेळाने पुढचा पंखा आपोआप फिरू लागला, मग आपोआप बंद झाला. भाईंनी झाकण घट्ट लावलं. विनीत खाडीपर्यंत जाऊन आला. काटा मधल्या रेघेच्या किंचित खाली बसला होता आणि तिथून हलला नव्हता.

निघताना भाई म्हणाले, "फाल्या सकाळी थंड असताना पातळी एकदा बघा. घाटात काटो वर जावक लागलो तर हिटर लावन थांबा. आणि वयनी, ती किटली चुलीकडे नेव नकात हां, कूलंट म्हणजे वीख." स्कूटर चालू करता करता त्यांनी मागे बघितलं. "माझ्या हाताखाली इतके जण शिकान गेले. अशी धार एकाकय जमाक नाय."

सोमवारी उजाडायच्या आधी शेवंतीने तुळशीला पाणी घातलं. गाडीचं नाक वर रस्त्याच्या दिशेला होतं. ती फूल घेऊन चढून तिथवर गेली.

फोंडा घाटात धुकं होतं. मागच्या सीटवर दत्तारामांचं डोकं मांडीवर घेऊन शेवंती दोन सीटांच्या फटीतून काट्याकडे बघत होती. पहिलं वळण, दुसरं वळण, पुढे ट्रक, पुन्हा वळण. काटा हलला नाही.

"काकी, रस्त्याक मी आसंय, काट्याक तुम्ही," विनीत म्हणाला. "वायच गारठो वाटता. हिटर लावूया?"

"लाव. येवढ्या खटपटीन गरम झालोहा."

"सात वर्सांनी हिटराचा नशीब उघाडला," मांडीवरून आवाज आला.

सव्वादहाला ते दवाखान्यात पोचले. दुपारी ऑपरेशन झालं. तोपर्यंत शेवंतीने पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि हा उपास कुठल्या व्रतात बसत नव्हता. डॉक्टर बाहेर आले तेव्हा हसरे होते.

"वेळेवर आलात. मधला भाग वाचलाय. पडदा जागेवर बसवला. आता डोळ्यात हवेचा एक बुडबुडा सोडलाय. बुडबुडा नेहमी वर जायला बघतो, म्हणून त्यांनी सात दिवस तोंड खाली करून राहायचं. मग तो मागच्या पडद्याला आतून दाबून धरेल. आणि उंची बदलली की बुडबुडा फुगतो-आकसतो, म्हणून तो विरेपर्यंत घाट नाही, इथेच राहायचं."

शेवंतीने तोंडाला पदर लावला. डॉक्टरांना वाटलं, रडते आहे. ती हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते वेगळं.

खोलीत दत्ताराम पालथे होते, कपाळ उशीच्या भोकात. "काल गाडयेचा तोंड वर केलास," ते उशीतून म्हणाले, "आज माझा खाली. तिची हवा काढलास, माका घातलास. काय चल्लाहा काय तुमचा?"

"गप रवा. हलू नकात."

तीन आठवडे ती दोघं शेवंतीच्या कोल्हापूरच्या बहिणीकडे, जानकीकडे राहिली. जानकीच्या गॅलरीत पत्र्याच्या डब्यात तुळस होती, त्यामुळे चहाची अडचण आली नाही. गावातल्या तुळशीला विनीतची आई पाणी घालत होती. पहिल्या आठवड्यानंतर दत्ताराम रोज सकाळी खबर द्यायचे. नजरेत वरून साफ दिसू लागलं होतं. खाली एक काळी रेघ हलत होती, बाटलीतल्या पाण्याच्या पातळीसारखी, आणि ती रोज थोडी थोडी उतरत होती. मग तिचा गोल झाला, गोलाचा मणी झाला. एका सकाळी मणीही नव्हता.

विनीत त्यांना आणायला गेला. परतताना दत्ताराम पुढच्या सीटवर ताठ बसले होते आणि रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, नको असलेल्यासुद्धा. घराच्या वर रस्त्यावर विनीतने गाडी थांबवली.

"काकी, कशी घालू? सुलटी की उलटी?"

शेवंतीने थोडा विचार केला. "सुलटी घाल. पाणी भरूचा असला की उलटी."

गाडी नाक खाली करून उतारावरून आली आणि वृंदावनापासून चार हातांवर थांबली. विनीत चाकाखाली चिरा लावायला उतरला. दत्ताराम मात्र उतरेनात. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला होता आणि काचेतून नुसत्या डाव्या डोळ्याने समोर बघत होते.

"काय बघतास?"

"तुळशीर मंजिरी सुकल्यात गो. वयल्या फांदयेर. तीन आसत."

शेवंती उतरून जवळ गेली. तिलासुद्धा वाकून बघावं लागलं. वरच्या फांदीवर, पानांच्या आड, तीन मंजिऱ्या सुकून तपकिरी झाल्या होत्या. तिने त्या एकेक करून खुडल्या आणि मुठीत धरल्या. मग वळली आणि चहा ठेवायला आत गेली.